थंड खोली

वनस्पती उद्यानातल्या काचेच्या थंड खोलीत तो टुंड्रातली शेवाळं आणि बोटभर उंचीची झाडं जिवापाड जपायचा. उन्हाच्या लाटेत शहराची वीज गेली, तेव्हा उद्यानातला एकुलता एक जनरेटर त्याने त्याच खोलीला जोडला.

दुपारी वडिलांचा फोन आला.

"घरात जीव नकोसा झालाय रे. तुझ्या त्या खोलीत येऊन बसू का घटकाभर?"

"बाबा, कसं शक्य आहे? माणसाच्या अंगाच्या उबेनेही खोली तापते."

"बरं बरं, राहू दे."

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात नेलं. तो धापा टाकत पोहोचला, तेव्हा त्यांनी नुकतेच डोळे उघडले होते.

 

त्याला पाहताच ते पुटपुटले, "वाचली ना रे तुझी झाडं?"