मोठ्याने विचार करा

“थांबलीस का? बोल,” मॅडम म्हणाल्या. “मनातल्या विचाराला इथे मार्क नाहीत.”

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाचा हा नियमच होता. पलंगावर पुतळा, उशाशी त्याच्या आजाराचा कागद. विद्यार्थिनीने काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय करणार, सगळं मोठ्याने बोलायचं. ही मुलगी दोनदा गप्प राहून नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा मॅडमनीच तिला नापास केलं होतं. आता तिसरी वेळ. चौथी मिळत नसे.

सुरुवात तिने झकास केली होती. “पोटाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालाय. नाडी एकशे अठरा, रक्तदाब उतरतोय, पेशंट अस्वस्थ. ही नुसती दुखण्याची तळमळ नाही. आत रक्तस्राव होत असावा.” मग तिने एकदा मॅडमकडे पाहिलं आणि तोंडाला कुलूपच लावलं.

मॅडमची फाईल मांडीवरून पुन्हा घसरली. मेले हे गुळगुळीत पुठ्ठे! दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मघापर्यंत शेजारी होत्या, आता दिसत नव्हत्या. न सांगता उठून जायचं, ही कसली रीत? असो. मुलींनी मॅडमना ‘लाल पेन’ असं नाव ठेवलं होतं. त्या नावाला जागायला त्या एकट्या पुरेशा होत्या.

मुलगी पुतळा सोडून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, माझ्या आधीच्या मुलीची परीक्षा किती वाजता संपली?”

“प्रश्न मी विचारते.”

“सव्वादहाला ना? तिला चांगलंच झापलंत. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.”

“आता तुझी पाळी आहे. पलंगाकडे जा.”

“नाही जाणार.”

तीस वर्षांत हे उत्तर या खोलीत कोणी दिलं नव्हतं.

“आणि फोन लावा, आत्ताच्या आत्ता,” मुलगी पुढे म्हणाली. “मला इथून हलता येणार नाही.”

परीक्षकाला फोन लावायला सांगते! मॅडमचं डोकं आता चांगलंच तापलं.

“मला हुकूम सोडतेस? घरी जाऊन आईला काय सांगशील?”

“नापास झाले म्हणून सांगेन. पोरगी आडमुठी आहे, हे तिला जन्मापासून माहीत आहे. लिहा ना नापास! फक्त आधी त्याच कागदावर एक घड्याळ काढा. सगळे आकडे घालून.”

“मी काय बालवाडीत आहे?”

“एवढं काढा. मग मी एक शब्द बोलणार नाही.”

दाखवूनच देऊ हिला. मॅडमनी पेन उचललं. गोल एका फटक्यात आला. मग आकडे. एक, दोन, तीन करत थेट बारापर्यंत, एकही न सोडता. खाली त्यांनी ठसठशीत ‘नापास’ लिहिलं आणि कागद तिच्या अंगावर भिरकावला.

“घे! काढ चूक.”

मुलीने कागद उचलला आणि मॅडमच्या डावीकडच्या खुर्चीसमोर धरला. दुसऱ्या कॉलेजातल्या परीक्षक मघापासून तिथेच बसून होत्या आणि दबक्या आवाजात फोनवर कॉलेजचा पत्ता सांगत होत्या. गोलाच्या उजव्या अर्ध्यात बाराही आकडे एकमेकांवर चढून बसले होते. डावा अर्धा कोरा करकरीत होता.

“ॲम्ब्युलन्सवाल्यांना हेही सांगा,” मुलगी मोठ्याने म्हणाली. “मॅडमना मेंदूचा झटका आलाय, डाव्या बाजूचं त्यांना काहीच कळत नाहीये, आणि सव्वादहापर्यंत त्या ठणठणीत होत्या.”