डबीतला पिवळा हिरा

"वस्तू घेताना आधी डोळ्यांनी नीट बघ, मग हात पुढे कर," असं आई सांगायची. ताईने डबी उघडली, बघितलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

आईच्या अंगठीतला हिरा हिरवा होता. शेवाळाच्या रंगाचा, जरासा धुरकट. जन्मभर ती अंगठी आईच्या बोटातून उतरली नव्हती. उतरली ती आठ महिन्यांपूर्वी, आई गेली त्या दिवशी. तेव्हापासून डबी भावजयीच्या कपाटात होती. अंगठी ताईला द्यायची, हे आईनेच सांगून ठेवलेलं. ताईला परगावाहून पुन्हा यायला आज सवड झाली, आणि डबीत हा पिवळाधमक खडा!

ताईचा पारा चढला. आठ महिने बोटात घालून मिरवलीस, मग मोह आवरला नाही, हिरा काढून भलताच दगड बसवलास, असं ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. समोरच्या काकू दारात आल्या. वरच्या मजल्यावरचे मास्तर पिशवी सांभाळत पायरीवरच थबकले. भाऊ खाली मान घालून उभा. मी डबी उघडलेलीसुद्धा नाही, असं भावजय परोपरीने सांगत होती, आणि त्याने ताई आणखीच भडकत होती.

"सहा वर्षं आईचं आजारपण काढलंस, त्याची मजुरी परस्पर वसूल केलीस होय?"

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज चढला नाही.

"पारखून आणा, ताई. मात्र जे निघेल ते इथे येऊन, याच माणसांसमोर सांगा."

"सांगेन. सगळ्यांना दारात उभं करून सांगेन. शब्द देते." डबी फाटकन मिटून ताई तरातरा जिना उतरली.

रत्नपारख्याने भिंग डोळ्याला लावलं. तो काही बोलायच्या आतच ताईने त्याला सुनावलं, की कॅरट म्हणजे वजन, पैलू म्हणजे काय, कोंदण म्हणजे काय, सगळं तिला कळतं. उगाच घोळवू नका, हिरा बदललाय एवढं कागदावर लिहून द्या. कोंदण जुनंच आहे, कुणी उचकटलेलं दिसत नाही, असं तो म्हणाला, तर तुम्हीही त्यांचेच दिसता, म्हणून ती त्याच्यावरही घसरली. म्हातारा हसला. अंगठी कुणाची, किती दिवस डबीत होती आणि कुणाकडे, ते त्याने विचारलं, ती दिव्याखाली ठेवली आणि पाव तास बसा म्हणाला.

ताई धुमसत बसली. जिन्यावर उभं राहून काय काय बोलायचं ते मनात घोटू लागली. एकेक वाक्य आधीच्यापेक्षा धारदार.

"या, बघा आता."

पिवळ्यात हिरवी झाक आली होती. ताईच्या डोळ्यांदेखत ती दाटत गेली, धुरकटली. दिव्याखाली आईचा हिरा होता.

म्हाताऱ्याने शांतपणे समजावलं. असे हिरे फार थोडे. बरेच दिवस अंधारात राहिले की पिवळे पडतात, उजेडात आले की आपल्या रंगावर येतात. आईच्या बोटाला रोजचा उजेड होता, म्हणून पिवळा रंग घरात कुणी पाहिलाच नसणार.

"कुणी घालून मिरवली असती, तर तुम्हाला ही हिरवीच मिळाली असती," तो म्हणाला. "पिवळी मिळाली, म्हणजे जिने सांभाळली तिने हातसुद्धा लावला नाही."

ताईने अंगठी बोटात घातली नाही. तशीच मुठीत धरून उठली. घोटून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

ती परतली तेव्हा जिन्यावर शुकशुकाट होता, सगळी दारं लागलेली. काकूंची बेल वाजवून तिने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मग भावाच्या बंद दारावरून आवाज न करता पुढे गेली आणि मास्तरांना बोलवायला वरचा जिना चढू लागली.