संत्र्याचे परागकण

तिसऱ्या स्लाइडवरचा तीनशेवा कण मोजून झाला, तरी संत्र्याचा पराग दिसला नाही. तिने मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले आणि नोंदवहीत पाहिलं. तीन स्लाइड, नऊशे कण, संत्रं शून्य. तिने मधाच्या बरणीवरचा क्रमांक अर्जावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मध दरवर्षी येणाऱ्या त्या म्हाताऱ्याचाच होता, आणि यंदा तो पास झाला होता.

प्रयोगशाळेत आनंदाने ओरडायची पद्धत नव्हती. समोरच्या टेबलावर मित्रराष्ट्रांच्या वकिलातीचा निरीक्षक बसला होता. दाखल्यावर तिच्या सहीखाली त्याची सही लागत असे. तिने नोंदवही त्याच्यापुढे ठेवली. "अरे वा," तो म्हणाला आणि पेन शोधू लागला.

नदीपलीकडचं खोरं शेजारच्या देशाने बळकावलं, त्याला तेहतीस वर्षं झाली होती. त्यातली एकोणतीस वर्षं मित्रराष्ट्रांनी खलिते पाठवण्यात घालवली. दरवर्षी चिंता व्यक्त झाली, दरवर्षी ती आणखी तीव्र झाली आणि दर हिवाळ्यात त्याच खोऱ्यातली संत्री मित्रराष्ट्रांच्याच बाजारात विकली गेली. शेवटी विस्थापितांचं एक शिष्टमंडळ त्यांच्या राजधानीत गेलं. त्यात म्हातारा होता. "कागद पुष्कळ झाले," त्याने तिथे सांगितलं होतं. "आधी त्यांचा माल खाणं बंद करा." चार वर्षांपूर्वी ठराव झाला. बळकावलेल्या जमिनीत पिकलेलं काहीही घ्यायचं नाही.

ठरावाचा पहिला फटका म्हाताऱ्यालाच बसला. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या कुंपणाच्या अलीकडे होत्या, पण जेमतेम सहाशे मीटरवर. मधमाशी सहज दोन-तीन किलोमीटर जाते. अलीकडच्या कोरड्या माळावर संत्र्याचं झाड औषधालाही नव्हतं. तेव्हा मधात संत्र्याचा पराग सापडला, तर तो पलीकडचाच. पाच टक्क्यांहून जास्त असला, की नियमाने तो मध बळकावलेल्या जमिनीचा माल ठरे. म्हाताऱ्याच्या मधात पहिल्या वर्षी अठरा टक्के निघाले. मग सतरा, मग पुन्हा अठरा. सलग चौथ्यांदा नापास झालेल्याचं नाव निर्यातीच्या यादीतून कायमचं कमी होणार होतं, आणि मित्रराष्ट्रं सोडली तर त्याच्या मधाला गिऱ्हाईक नव्हतं. तिने वकिलातीला दोन पत्रं लिहिली होती. निकष सर्वांना सारखे आहेत, असं दोन्ही वेळा उत्तर आलं.

म्हातारा मात्र कधी चिडला नाही. "माझ्या माश्या अडाणी आहेत, पोरी," तो म्हणायचा. "कुंपणावरची पाटी वाचता येत नाही त्यांना. पुढच्या वर्षी शाळेत घालतो." मग किती टक्के ते विचारायचा, आकडा ऐकून मान हलवायचा आणि बरणी पिशवीत घालून निघून जायचा. नापास होऊन इतका शांत राहणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

तो बाहेर बाकावर बसला होता. तिने दार उघडलं.

"आत या, आजोबा. पास झालात!"

"थट्टा करतेस का म्हाताऱ्याची?"

"खरंच सांगते. यंदा माश्यांना शाळेत घातलेलं दिसतंय."

तो हसला नाही. "किती टक्के?"

"शून्य."

"शून्य म्हणजे अर्धा? पाव?"

"शून्य म्हणजे एकही नाही. नऊशे कण मोजलेत, सगळे माळावरच्या रानफुलांचे."

"परत मोज."

फेरमोजणी मागणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पास झाल्यावर मागणारा हा पहिलाच. मोजताना पडायला हवा होता तो प्रश्न तिला आत्ता पडला. अठरावरून एकदम शून्य कसं?

"पेट्या हलवल्यात का?"

"वीतभरही नाही."

"मग बहराच्या दिवसांत पाऊस लागला असेल. थंडी?"

"लख्ख ऊन होतं. माश्या रोज जायच्या पलीकडे." म्हातारा म्हणाला. "रिकाम्या परत यायच्या. मी म्हटलं, वय झालं, आपल्यालाच नीट दिसत नसेल."

निरीक्षकाने सही केली आणि दाखला टेबलावरून पुढे सरकवला. "अभिनंदन! ठरावाचा गुण येतोय म्हणायचा. पलीकडचं एक संत्रंसुद्धा आता आमच्या बाजारात दिसत नाही."

"नाही ना दिसत?" म्हातारा म्हणाला. "मग बागा कशाला ठेवतील ते?"

निरीक्षकाने पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीकडे पाहिलं. दाखला तिथेच पडून राहिला.

"तुमची बाग होती का तिकडे?" तिने विचारलं.

"आमची. त्यांनी ती घेतली आणि माझ्या थोरल्या भावालाच तिच्यात राबायला ठेवलं. कुंपण घातलं गेलं तेव्हा वहिनी इकडे माहेरी आली होती. ती इकडे अडकली, तो तिकडे. पत्र नाही, फोन नाही. शेवटचा निरोप आला तो एवढाच, की मी जिता आहे तोवर झाडाला कुऱ्हाड लागू देणार नाही."

तिने दाखला उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"घरी गेल्यावर वहिनी विचारील," तो म्हणाला. "तीन वर्षं नापास होऊन गेलो, की तिला सांगायचो, बाग उभी आहे, म्हणजे दादा आहे."