गायखे साहेबांची फेरी

निफाडजवळच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या पंचवीस बायकांच्या टीमचा वेग वाढावा, म्हणून मॅनेजर गायखेंनी नाशिकहून कोच बोलावली. मॅडमनी तीन दिवस शेडमध्ये नुसतं बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "बायकांचं नंतर बघू. आधी आठवडाभर तुमची फेरी बंद करा."

"अहो, दर पंधरा मिनिटांनी डोक्यावर उभा राहतो, म्हणून तर काम होतं!" गायखे वैतागले. पण कोच आपणच बोलावलेली, म्हणून केबिनमध्ये थांबले. दिवसभर खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची. चहा गार व्हायचा, आणि शेडमधून हसण्याचा आवाज आला की जीव वरखाली व्हायचा.

शनिवारी आठवड्याचा आकडा आला. नेहमीच्या आठवड्यापेक्षा दोनशे पेट्या जास्त, आणि तपासणीत एकही परत आली नव्हती!

गायखे पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच शेडमध्ये शिरले. हसणं बंद झालं. पंचवीस जणींचे हात जागच्या जागी थांबले.

पुढच्या टेबलावरची कुसाबाई चाचरत म्हणाली, "काय चुकलं आमचं, सायेब?"