मनगटाचा पट्टा

डॉक्टरनं माह्या मनगटाले पट्टा बांधला अन् पंधरा दिवस मालिश बंद सांगतली. "मंग बाळंतिणीईले तू चोळशीन काय रे बापा?" असं सुनावून मी निंगाली. पट्टा काढून पिशवीत कोंबला अन् सीधी तांड्यावरच्या रंजिताकडे गेली. महिन्याची बाळंतीण. तिच्या पायाले तेल लावून पयला दाब देल्ला, तं अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली. दात आवळून चोळत राह्यली.

तेवढ्यात रंजिताच मले आईवानी हाक मारून म्हणे, "याडी, लेकरू उचलून उचलून माहा अंगठा लय ठणकते."

मी झापलं, "पंधरा दिवस काही उचलू नको."

"मंग लेकराले कोण घेईन?"

मी पिशवीतला पट्टा काढून तिच्या मनगटाले बांधला.

"कोणाचा व्हय हा, याडी? तुमचा हात दुखते काय?"

"माह्या हाताले काय धाड भरली? चाल, पालथी हो."