रविवारची दहा मिनिटं

"आज तू आधी बोलायचं न्हाई," मारुतीने बायकोला बजावलं आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. "दहा मिनिटं मिळत्यात. त्यातली सात तू रडण्यात घालवतीस."

"आन् उरलेली तुमी घसा खाकरण्यात," नंदाबाई म्हणाली.

पाच वाजायला अजून वेळ होता. मारुतीचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. पंधरा दिवसांपूर्वी पाण्याचा टँकर धुताना तो घसरून पडला. तेव्हापासून लोणावळ्याच्या बंगल्यांना पाणी घालायला नंदाबाईचा भाऊ निलेश जात होता, आणि मारुती आंदर मावळातल्या आपल्या घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाशी भांडत होता.

राजेश्वरी, त्यांची एकुलती एक लेक, ऑगस्टपासून स्पेनला होती. तळेगावच्या एका क्लासच्या सरांनी वीस पोरी निवडल्या. सहा महिने तिथंच राहून स्पॅनिश शिकायचं आणि मग नोकरी. गावाने चौकात फ्लेक्स लावला, तिचा फोटो सरपंचाच्या फोटोपेक्षा मोठा. कामशेतच्या नाक्यावरून क्लासच्या बसने पोरी मुंबईला नेल्या. विमानतळावर नातेवाइकांना आत सोडत नाहीत, उगाच हेलपाटा कशाला, असं सर म्हणाले. मारुतीला ते पटलं. तो हात हलवत उभा राहिला, बस दिसेनाशी झाल्यावरही.

तिथले नियम कडक होते. आठवडाभर मराठी बंद, हिंदी बंद, फोन सरांकडे जमा. रविवारी पाच वाजता दहा मिनिटं घरी बोलायचं. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं सरांनी समजावलं होतं, आणि मारुतीने ते पारावर चार वेळा तरी सगळ्यांना ऐकवलं होतं.

नंदाबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. मागच्या दोन रविवारी फोनवर एका पुरुषाचा आवाज आला होता.

"पोरगी हातची गेली," ती म्हणाली. "तिनं कुनीतरी गाठलाय तितं."

"सर असत्याल."

"रविवारी बी सरच?"

मारुतीने मोबाईल डब्याला पुन्हा नीट टेकवला. भीती त्यालाही होतीच. शिकायला गेलेली पोर तिकडेच संसार थाटून बसली, तर या घरात दोघांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? माघातल्या जत्रेला येते म्हणाली होती. तेवढ्या एका शब्दावर तो दिवस काढत होता.

फोन वाजला. दोघं दचकली, पण तो निलेश होता.

"दाजी, मला उशीर व्हईल आज. सलग सुट्ट्या हायेत, लोणावळ्यात लय गर्दी. तुंगार्लीचा तो पत्र्याच्या कुंपनाचा बंगला न्हाई का? त्यांनी अजून एक टँकर मागवलाय. मानूस कवा दिसत न्हाई, पन पानी निस्तं ढोसत्यात. गेटापाशीच हाय मी, कुलूप काढायची वाट बघतोय."

"घाल की. मागं घेताना तेवढं गेटाला घासू नको."

"घासतोय कशाला? तुमची लेक वरडती की."

मारुती हसला. राजेश्वरी पाचवीत असताना त्याने टँकर मागे घेताना शेजारच्यांचं वासरू जेमतेम वाचवलं होतं. मग कामशेतच्या इलेक्ट्रिशियनने रिव्हर्स हॉर्नमध्ये पोरीचाच आवाज भरून दिला. मागचा गिअर पडला की ती ओरडायची, "आबा, सावकाश, मागं बगा." अख्ख्या मावळात असा टँकर एकच. गावातली पोरं अजून तिची नक्कल करायची.

मागच्या महिन्यात तिनेच फोनवर विषय काढला होता. "आबा, तो आवाज बदलू नका हां. मला इथं ऐकू येतो तो." त्या रविवारी नंदाबाई नाही, मारुती रडला होता.

पाचला व्हिडिओ कॉल आला. पांढरी भिंत, डोक्यावर ट्यूब आणि समोर राजेश्वरी.

"तितं दुपार ना गं आता?" नंदाबाईने ठरलेलं सगळं विसरून तोंड उघडलंच. "मग लाईट कशाला?"

"थंडी आहे, आई. पडदे लावलेत."

तिच्यामागे पाल चुकचुकली. मायलेकींनी एकाच वेळी बोटाने टकटक केलं.

"तितं बी पाली हायेत व्हय?"

"असतात आई. सगळीकडं असतात."

"वाळलीस गं."

"न्हाई वाळले. आबा, पाय कसा आहे? टँकर बंद ठेवलाय का?"

"निलेश हाय ना. माझं सोड. जत्रेला कवा येतीस ते सांग."

तिची नजर मोबाईलच्या बाजूला गेली आणि परत आली.

"आबा, कोर्स वाढलाय. अजून सहा महिने."

नंदाबाईने मोबाईल डब्यावरून उचलून तोंडाजवळ धरला.

"कोन हाय गं बाजूला? कुनाकडं बघतीस सारखी? आईची आन हाय तुला, खरं सांग."

राजेश्वरी बोलली नाही. तिने मान हलवली नाही की डोळे पुसले नाहीत. ओठ घट्ट मिटून ती नुसती बापाकडे बघत राहिली.

"बोल की," मारुतीचा आवाज चढला. "कोन का असंना, मी काय बी म्हननार न्हाई. पन तोंडातनं एक शब्द तरी काढ."

तेवढ्यात मोबाईलमधून तिचा आवाज आला. लांबून, पण अगदी स्वच्छ.

"आबा, सावकाश, मागं बगा."

मारुतीने वळून अंगणात पाहिलं. टँकरची जागा रिकामी होती. त्याने परत मोबाईलकडे पाहिलं, तेव्हा आवाज दुसऱ्यांदा आला, आणि राजेश्वरीचे ओठ अजून मिटलेलेच होते.