चेस्टनटच्या वड्या

आखातातल्या मंगफच्या त्या बिल्डिंगीत दिवाळीचा फराळ मांडला की खालच्या मजल्यावरच्या झुलेखाच्या चॉकलेट-चेस्टनटच्या वड्या सगळ्यांत आधी संपायच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या विनिताचा केक ताटात तसाच सुकत पडायचा. गेल्या वर्षी तर चक्क तिचा नवरा सुदेशच बोटं चाटत म्हणाला, "वडी खावी तर झुलेखाभाभींच्या हातची!" ते वाक्य विनिताच्या जिव्हारी लागलं.

यंदा ऑक्टोबरातच तिने शहरातल्या शर्क भागातल्या मोठ्या दुकानातून इटलीचे चेस्टनट आणले. गावाकडच्या खाण्याला ती एरवीही नाकच मुरडायची. तिला सगळं कसं फॉरेनचं लागायचं. तीन शुक्रवार ती ते सोलत, उकडत, वाटत बसली. सोलून सोलून नखं दुखायला लागली, पण झुलेखासारखी खमंग चव काही केल्या येईना. बया नक्की काहीतरी लपवतेय, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि फणफणत जिना उतरून खाली गेली.

"झुलेखा, खरं सांग, तू चेस्टनट आणतेस तरी कुठून?"

झुलेखाला हसूच फुटलं. "चेस्टनट कसले, वहिनी! चव तशी लागते म्हणून लोकांनीच ते नाव पाडलंय."

"मग काय घालतेस?"



"सुट्टीवरून येताना तुमच्या सासूबाई बॅगेत फणसाच्या आठळ्यांची पिशवी कोंबतात, आणि 'आमच्यात नाही कुणी खात हे' म्हणून दरवर्षी ती तुम्ही मला आणून देता ना... त्याच!"